आधी रेघ, मग घर

मालेगावहून शेलूबाजारच्या दिशेने निघालं की जुन्या नागपूर–औरंगाबाद रस्त्यावर किन्हीराजा लागतं. सरकारदरबारी ते खेडं: ग्रामपंचायत, सरपंच, ग्रामसभा, गावठाण. पण मोठ्या रस्त्यावरच्या कुठल्याही गावाकडे जरा निरखून पाहा. घरांची तोंडं हळूहळू रस्त्याकडे वळत जातात. खताचं दुकान, वेल्डिंगची शेड, मोबाइल दुरुस्ती, दवाखाना, मग त्यावर एक मजला, मजल्यावर शिकवणी. रस्त्यालगतची पट्टी एनए होते, तिचे प्लॉट पडतात, प्लॉटवर पाट्या लागतात. सोयाबीन-तुरीचं गाव शहराच्या वाटेला लागलेलं असतं आणि ते कुणीही बसून ठरवलेलं नसतं.

मग गावाचं शहर नेमकं कधी होतं? जनगणना खात्याची व्याख्या मोठी काटेकोर आहे. वस्ती किमान ५,००० हवी, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं हवीत, आणि मुख्यतः कामावर असलेल्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात हवेत. तिन्ही अटी एकदम पुऱ्या झाल्या, की ग्रामपंचायत असूनही ते ठिकाण जनगणनेत शहर म्हणून मोजलं जातं. दुसरा मार्ग अधिसूचनेचा. तालुक्याच्या गावांना नगरपंचायत देण्याचा निर्णय राज्याने २०१४ साली घेतला आणि वाशीम जिल्ह्यात मालेगाव, मानोरा एका कागदाने नगरं झाली. दोन्ही वाटांत एक गोष्ट सारखीच आहे: शहर आधी घडतं, शिक्का नंतर बसतो. शिक्का बसेपर्यंत रस्ते किती रुंद, नाल्या कुठून, शाळेला जागा कुठे, हे सगळं ज्याने त्याने आपापल्या प्लॉटपुरतं ठरवून टाकलेलं असतं.

या मधल्या काळात काही करता येतं का, हा प्रश्न ज्यांच्या पोटापाण्याचा आहे, अशी माणसं जगात आहेत. जागतिक बँक, आशियाई विकास बँक, जपानची जायका, जर्मनीची केएफडब्ल्यू, फ्रान्सची एएफडी, संयुक्त राष्ट्रांची यूएन-हॅबिटॅट अशा संस्थांत शाश्वत नगरविकासाचे कार्यक्रम चालवणारे अधिकारी असतात. त्यांचं काम बाहेरून बघताना परिषदा, विमानं आणि जाडजूड अहवाल एवढंच दिसतं. आत डोकावलं की थक्क व्हायला होतं, कारण कोट्यवधी डॉलरांचा हा सगळा खटाटोप अखेर जमिनीवरच्या काही रेघांपाशी येऊन थांबतो. महाराष्ट्रात ते बघायचं तर कांदिवली पश्चिमेला जावं लागतं, चारकोपला.

चारकोपची गोष्ट १९८५ ची. जागतिक बँकेने त्या वर्षी मुंबई नगर विकास प्रकल्पासाठी १३ कोटी ८० लाख डॉलरचं कर्ज मंजूर केलं. ते बँकेच्या आयडीए या शाखेचं कर्ज होतं, म्हणजे गरीब देशांसाठी ठेवलेल्या निधीतलं. त्या काळच्या आयडीए कर्जाच्या अटी आज वाचताना डोळे विस्फारतात: मुदत ५० वर्षं, पहिली १० वर्षं मुद्दलाचा हप्ता नाही, व्याज नाही, फक्त पाऊण टक्का सेवाशुल्क. १९८५ मध्ये ५० मिळवा. चारकोपला ज्यांची लग्नं झाली त्यांच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरेल अशी ही मुदत आहे.

हा पैसा येतो कसा, हेही बघण्यासारखं आहे. कर्ज घेतं भारत सरकार, डॉलरमध्ये. राज्याला ते मिळतं रुपयांत, आणि तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे केंद्राच्या नेहमीच्या अटींवर: ७० टक्के कर्ज, ३० टक्के अनुदान. शिवाय बँक पैशांची थैली घेऊन येत नाही. आधी राज्याच्या यंत्रणेने खर्च करायचा, बिलं लावायची, ती तपासली जायची, मग परतफेड यायची. वाशीम जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरजच नाही. २०१८ साली जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जावर नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला, ज्याला सगळे पोकरा म्हणतात. त्यातल्या १५ जिल्ह्यांत वाशीम होतं. पोकरात ज्याने शेततळं खोदलं किंवा तुषार संच घेतला, त्याने अर्ज केला, पूर्वसंमती घेतली, पदरचे पैसे घातले, बिल जोडलं, पाहणी झाली आणि मग अनुदान खात्यात आलं. वॉशिंग्टनहून मुंबईला आणि मुंबईहून शेताच्या बांधापर्यंत व्यवहाराची तऱ्हा हीच. खर्च तुझा, खातरजमा माझी, मग पैसे.

कार्यक्रम चालवणाऱ्याचं निम्मं आयुष्य या खातरजमेत जातं. दर काही महिन्यांनी बँकेचा चमू येतो, त्याला मिशन म्हणतात. तो साइट पाहतो, हिशेब पाहतो, ठरलेल्या गोष्टींपैकी काय झालं आणि काय रखडलं याचं टिपण लिहितो, त्यावर राज्याच्या अधिकाऱ्यांशी घासाघीस करतो. मध्यावर एक मोठा आढावा होतो आणि शेवटी पूर्तता अहवाल, ज्यात प्रकल्प यशस्वी की अयशस्वी याची श्रेणी लागते. बँकेचा माणूस एक वीटही रचत नाही. मुंबईत वीट रचायची ती म्हाडाने, नवी मुंबईत सिडकोने, आणि सगळ्यांची मोट बांधायची ती आजच्या एमएमआरडीएने. बँकेच्या माणसाच्या हातात असते फक्त अट. कुठली अट घालायची आणि कुठली सोडून द्यायची, हे ओळखणं म्हणजे हे काम.

आणि चारकोपला घातलेली अट फार वेगळी होती. घर बांधायचं नाही.

हा विचार काही मुंबईचा नव्हता. पेरूमधल्या गरीब वस्त्या पाहून जॉन टर्नर या इंग्रज वास्तुविशारदाने मांडलं होतं, की गरीब माणूस स्वतःचं घर बांधायला समर्थ असतो. त्याला एकट्याला जे जमत नाही ते म्हणजे जमिनीचा हक्क, रस्ता, पाणी आणि सांडपाण्याची वाट. तेवढं सरकारने द्यावं. जागतिक बँकेने शहरांसाठी पहिलं कर्ज दिलं ते १९७२ साली सेनेगलच्या डाकारला, अशाच योजनेसाठी. तिचं नाव साइट्स अँड सर्व्हिसेस, म्हणजे भूखंड आणि सुविधा. भारतात मद्रासमध्ये ती आली. क्रिस्टोफर बेनिंजर या अमेरिकी वास्तुविशारदाने तिथे अशा वसाहतींवर काम केलं आणि पुढे ते पुण्याचे झाले ते कायमचेच. १९७६ साली त्यांनी पुण्यात सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज अँड ॲक्टिव्हिटीज ही संस्था उभारली. मग आली मुंबईची पाळी. चारकोप, गोराई, मालवणी इथे म्हाडाने प्लॉट पाडले. म्हाडाच्या कागदपत्रांत आजही या वसाहतींची ओळख जागतिक बँक प्रकल्प अशीच आहे.

चारकोपच्या आखणीत मला सगळ्यात जास्त भुरळ घालते ती तिची बेरीज-वजाबाकी. गरिबाला जमीन स्वस्त कशी द्यायची? सोपा मार्ग म्हणजे सरकारने तोटा सोसायचा. पण तोटा सोसणारी योजना हजार घरांवर थांबते, लाखापर्यंत पोहोचत नाही. म्हणून त्यांनी दर कमी न करता आकार कमी केला. लहान प्लॉट साधारण २५ ते ४० चौरस मीटरचे. पंचवीस चौरस मीटर म्हणजे पाच बाय पाच मीटर, किन्हीराजातल्या एखाद्या घराच्या ओसरीएवढी जागा. त्यावर पाण्याचं कनेक्शन, मलनिस्सारणाची जोडणी, आणि कागद. त्याच आराखड्यात मोठ्या रस्त्यालगत मोठे प्लॉट आणि दुकानांचे गाळे ठेवले आणि ते बाजारभावाने विकले. तिथे मिळालेला नफा आतल्या गल्लीतल्या लहान प्लॉटची किंमत खाली ओढतो. म्हणजे रस्त्यावरचा दुकानदार नकळत आतल्या मजुराच्या घराला हातभार लावतो. सरकारी तिजोरीवर बोजा नाही, आणि एकाच वसाहतीत कामगार, कारकून, व्यापारी असे सगळे शेजारी.

दुसरी गोष्ट अंगणाची. साधारण ३५ प्लॉटचा एक गट, मधे सामायिक चौक, आणि त्या गटाची एक सहकारी सोसायटी. चौक कुणा एकाचा नाही, पण ३५ घरांच्या डोळ्यांसमोर आहे, म्हणून तो गिळला जात नाही. रस्ते लहान, पण सरळ आणि ठरलेले. एवढ्याशा प्लॉटवर माणसांनी आधी एक खोली टाकली, पगार वाढला तसा माळा काढला, मुलाच्या लग्नाआधी वरचा मजला चढवला. घर कुटुंबाबरोबर वाढलं. ही वाढ आधीपासून धरून चालणारा आराखडा करायला धीर लागतो, कारण उद्घाटनाच्या दिवशी तिथे दाखवायला काहीच नसतं. फीत कापायची तर कशाची? आखलेल्या मोकळ्या जमिनीची?

याच प्रकल्पाची दुसरी बाजू झोपडपट्टी सुधारणेची होती. वस्ती हलवायची नाही, रहिवाशांची सोसायटी करायची आणि खालची जमीन तिला ३० वर्षांच्या, पुढे वाढवता येणाऱ्या भाडेपट्ट्याने द्यायची. जमिनीचा कागद हातात आला की लोक स्वतःहून पक्कं बांधतील, असा त्यामागचा भरवसा. हे काम ठरवलेल्या उद्दिष्टाच्या खूपच अलीकडे थांबलं. मग १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं आणि मोफत घराचं आश्वासन आलं. फुकट घर मिळणार असेल तर हप्ता भरून भाडेपट्टा कोण घेणार? माझ्या मते मुंबईच्या अलीकडच्या इतिहासातलं हे सगळ्यात महागडं वळण आहे.

१९९४ मध्ये प्रकल्प संपला. तोवर अशा योजनांबद्दलचं मत फिरलं होतं. जमीन मिळायला उशीर, वसुली कमी, प्लॉट गरिबांकडून मध्यमवर्गाकडे सरकतात, दूर कुठेतरी वसाहती टाकल्यात, तिथे माणसं राहायला येत नाहीत, अशा तक्रारी जगभरातल्या अशा प्रकल्पांबद्दल होत्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत जागतिक बँकेने ही योजनाच जवळजवळ सोडून दिली.

आणि मग काही संशोधक वीस वर्षांनी परत गेले. कॅथरिन ओवेन्स, सुमिला गुल्यानी आणि अँड्रिया रिझवी यांचा हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, मुंबई आणि चेन्नईतल्या अशाच वसाहतींचा. त्यांना काय दिसलं? भरलेल्या, नांदत्या वसाहती. पाणी, गटार, रस्ते सुधारलेले. वेगवेगळ्या उत्पन्नाची माणसं अजूनही एकत्र. ज्याला अपयश म्हणून फाईल बंद केली, ते वाढीला लागलेलं शहर होतं. फक्त मोजणारे फार लवकर आले होते. कर्जाची मुदत पन्नास वर्षं आणि यशापयशाचा निकाल दहा वर्षांत, यातली विसंगती मला अजून सुटत नाही. आता चारकोप दूर उरलेलं नाही. शहर त्याच्याभोवती येऊन बसलं.

याच बँकेने मुंबईतच पुढे उलट्या प्रकारचंही काम केलं, आणि त्यातून आणखी एक थक्क करणारी सोय दिसते. २००२ मध्ये मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाला ५४ कोटी २० लाख डॉलरचं कर्ज मिळालं: लोकलचे रूळ, नव्या गाड्या, सांताक्रूझ–चेंबूर आणि जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्ते. त्यासाठी सुमारे लाखभर माणसं हलवायची होती. त्यांना मानखुर्द, वाशी नाका अशा ठिकाणी इमारतींत २२५ चौरस फुटांची घरं मिळाली. पण रस्त्यालगतच्या दुकानदारांचं काय? त्यांच्या धंद्याची जागा म्हणजे गिऱ्हाईक असलेला कोपरा. तेवढ्याच चौरस फुटांचा गाळा भलतीकडे देऊन तो भरून निघत नाही. या दुकानदारांनी २००४ मध्ये थेट बँकेकडे तक्रार केली. बँकेत १९९३ पासून तपासणी मंडळ नावाची व्यवस्था आहे. बँक स्वतःचेच नियम पाळते की नाही, हे बाधित माणूस तिथे विचारू शकतो आणि मंडळ व्यवस्थापनापासून स्वतंत्रपणे चौकशी करतं. कुर्ल्याच्या दुकानदारांच्या अर्जावर चौकशी झाली, दोष निघाले, आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसनाचे पैसे थांबवले. राज्याने सुधारणा मान्य केल्यावर जूनअखेर ते पुन्हा सुरू झाले. फुटपाथलगतच्या दुकानातून निघालेल्या कागदाने एवढ्या मोठ्या विकास बँकेचा हात चार महिने अडवला. कार्यक्रम चालवणाऱ्या अधिकाऱ्यांनी ही घटना पाठ करावी असं मला वाटतं. शाश्वत हा शब्द झाडं आणि सौर दिव्यांपुरता घेतला जातो. पण ज्याची जागा आपण घेतो त्याची रोजीरोटी टिकली का, हा त्या शब्दाचा पहिला अर्थ असायला हवा.

आपल्या बाजूला, विदर्भात, अशा संस्थांचा मोठा पैसा आला तो नागपूरला. तिथल्या मेट्रोला जर्मनीच्या केएफडब्ल्यूने आणि फ्रान्सच्या एएफडीने कर्ज दिलं. छोट्या गावांकडे या संस्था थेट फारशा वळत नाहीत. कारण साधं आहे. दहा कोटींच्या प्रकल्पाला तपासणीचा खर्च आणि त्रास जवळजवळ हजार कोटींच्या प्रकल्पाएवढाच पडतो. म्हणून शहर जितकं लहान, तितकी त्याच्या वाट्याला तज्ज्ञ माणसं कमी. वास्तविक रेघ मारायची खरी वेळ त्या लहान शहराचीच असते. मुंबईत एक रस्ता रुंद करायला हजारो कुटुंबं हलवावी लागतात. मालेगावच्या कडेला आज तोच रस्ता मोकळ्या शेतातून आखता येतो.

तशी संधी या भागाच्या दारात येऊन गेलीही आहे. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला, जून २०२५ मध्ये सगळे ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. या महामार्गाच्या मूळ कल्पनेत त्याच्या कडेने नवी नगरं होती, कृषी समृद्धी नगरं. शेतकऱ्याने जमीन एकत्र करायला द्यायची, बदल्यात विकसित प्लॉट घ्यायचा: जिरायतीला पंचवीस टक्के, बागायतीला तीस टक्के, वर दहा वर्षं वार्षिक रक्कम. बहुतेकांनी ते नाकारलं. मग थेट खरेदी आली, पाचपट दराने, आणि लोकांनी रोख घेतली. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवणार नाही. विकसित प्लॉट म्हणजे सरकारवर पंधरा-वीस वर्षांचा विश्वास. ज्याने पीकविम्याची वाट पाहत हंगाम काढलेत, त्याने तो विश्वास का टाकावा? चारकोपच्या प्लॉटधारकाला सही करताना नळाचं कनेक्शन डोळ्यांना दिसत होतं. समृद्धीच्या शेतकऱ्याला नकाशावरचा रंग दाखवला गेला. हा फरक पैशाचा नाही. आधी पाइप आणि रस्ता जमिनीत, मग माणसाकडे मागणी, हा क्रम आहे, आणि तो उलटा झाला.

वाशीमला शहराची नवलाई नाही, हेही आठवावं. हेच ते वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, ज्यांच्या काळात अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी कोरली गेली. कारंज्याची बाजारपेठ आणि तिथली जैन मंदिरं शतकांची आहेत. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातली जवळपास १८ टक्के माणसं शहरांत राहत होती. पुढे हा आकडा वाढणार, आणि तो मोठ्या शहरांत वाढण्याआधी किन्हीराजासारख्या रस्त्यावरच्या गावांच्या कडेला वाढणार.

त्यासाठी वॉशिंग्टनकडे बघत बसायचीही गरज नाही. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर, माटुंगा, वडाळ्याचे रस्ते आधी आखले, घरं मागून आली. १९१५ मध्ये मुंबई प्रांताला नगररचनेचा कायदा मिळाला. त्यातली युक्ती चारकोपचीच थोरली बहीण: वेडेवाकडे सर्व्हे नंबर एकत्र करायचे, रस्ता-मैदान-शाळेची जागा सगळ्यांकडून थोडी थोडी काढायची, आणि प्रत्येक मालकाला त्याच भागात नीट आकाराचा प्लॉट परत द्यायचा. कुणाचं शेत पूर्ण जात नाही, कुणी एकटा श्रीमंत होत नाही, आणि रस्ता सगळ्यांच्या जमिनीची किंमत वाढवतो. शेजारच्या गुजरातने ही पद्धत दशकानुदशकं वापरून अहमदाबाद वाढवलं. महाराष्ट्रात ती १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या पाचव्या प्रकरणात आहे, आजही लागू आहे, आणि तिच्यासाठी परदेशी कर्जाची अट नाही. लागतो एक मोजणीदार, एक नगररचनाकार, मालकांच्या बैठका, आणि घरं येण्याआधी सुरुवात करण्याची घाई. मालेगाव नगरपंचायतीच्या हद्दीत हे आज करता येईल. किन्हीराजाच्या रस्त्याकडेला पुढचे प्लॉट पडण्याआधी निदान दोन गोष्टी गावाने मागून घ्याव्यात: नाल्याचा उतार मोजून ठरवलेली गटाराची वाट, आणि बारा मीटरचा एक आतला रस्ता, हायवेला समांतर.